वाट देण्याचा धर्म

आमच्या घरांतील सर्वांत वडील माणूस म्हणजे आमच्या काकू. वय एकुणऐंशी. लग्न होऊन त्या ह्या घरीं आल्या त्यास आतां साठ वर्षें होत आलीं. आणि रोज सकाळीं समोरच्या गणपतीस जाऊन एकवीस दूर्वा वाहून येण्याचा त्यांचा नेम, बाळंतपणें, सुतकें आणि एक मोठें आजारपण एवढे दिवस सोडल्यास, कधीं चुकलेला नाहीं. देऊळ आमच्या दारांतून दिसतें. मध्यें आहे तो केवळ एक रस्ता. काकू सासरीं आल्या तेव्हां ह्या रस्त्यावर सायकली आणि टांगे असत. टांगेवाला 'बाजूऽ' म्हणून ओरडे, काकू पदर सांवरून कडेला उभ्या राहात, आणि घोडा आपल्या चालीनें निघून जाई. पुण्यास सायकलींचें शहर म्हणत तो हा काळ. आज त्याच रस्त्यावर सकाळीं सातपासून वाहनांचा जो लोंढा लागतो, तो रात्रीं दहापर्यंत तुटत नाहीं.

गेल्या महिन्यांत संकष्टीच्या दिवशीं काकू नित्याप्रमाणें निघाल्या. कोपऱ्यावर सिग्नल आहे, खालीं पांढरे पट्टेहि आहेत. चालत्या माणसाचें हिरवें चित्र लागल्यावरच त्या पट्ट्यांवर उतरल्या. अर्ध्याहून थोड्या पुढें गेल्या असतील नसतील, तों दिवा बदलला आणि वाहनें सुटलीं. काकूंनीं उजवा तळहात वर केला. ही त्यांची नेहमींची रीत, आणि बहुधा वाहनें थांबतातहि. त्या दिवशीं एक स्कूटर थांबली नाहीं. तिचा दांडा काकूंच्या दंडास लागला, त्या हातावर पडल्या आणि मनगटाचें हाड मोडलें. स्कूटरवरचा मुलगा क्षणभर थांबला. "आजी, मी हॉर्न दिला होता हो!" एवढें म्हणाला, आणि मागचीं वाहनें कर्कश ओरडूं लागतांच निघून गेला. काकूंना उचललें तें देवळाच्या पायरीवर फुलें विकणाऱ्या बाईनें. दूर्वांची जुडी रस्त्यांतच राहिली.

त्या रात्रीं घरांत सभा भरली. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "आतां काकूंनीं एकट्यानें बाहेर पडूं नये." भावजयींनीं देवघरांतील गणपतीची आठवण करून दिली. खरें सांगावयाचें तर आमचेंहि मत त्यांच्यासारखेंच होतें. काकू प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून सर्वांचें ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "मी चुकलें कोठें, तेवढें मला कोणी सांगा. दिवा पाहून उतरलें, पट्ट्यांवरून चाललें. मग कोंडून मला कां घालतां?"

ह्या प्रश्नास आमच्यापैकीं कोणापाशींहि उत्तर नव्हतें. आजचा हा लेख म्हणजे तें उत्तर शोधण्याचा यत्न आहे. प्रश्न एकट्या आमच्या घरचा असता तर वाचकांचा वेळ आम्हीं घेतला नसता. परंतु ज्या घरांत एक वृद्ध, एक शाळकरी मूल आणि दाराशीं एखादें वाहन आहे, त्या प्रत्येक घरचा तो आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही घड्याळ घेऊन त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलों. रस्त्याची रुंदी सुमारें १४ मीटर भरली. पायीं जाणाऱ्यांसाठीं हिरवा दिवा राहतो १२ सेकंद. सिग्नलची आंखणी करणारे लोक, माणूस सेकंदास सुमारें १.२ मीटर चालतो असें सामान्यतः धरतात. म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. परंतु हा हिशेब धडधाकट माणसाचा झाला. काकूंच्या चालीनें चालून पाहिलें तेव्हां आम्हांस १९ सेकंद लागले. मधले सात सेकंद काकू रोज परक्याच्या दयेवर काढीत होत्या, आणि घरांतील एकालाहि त्याचा पत्ता नव्हता. त्यांचा दोष असलाच तर इतकाच कीं, त्या एकुणऐंशी वर्षांच्या आहेत. रस्त्याच्या मध्यभागीं क्षणभर उभें राहावयास एखादा कट्टा असता, तरी तें हाड मोडलें नसतें.

वाट कोणीं कोणास द्यावी, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ज्यांस वाट द्यावी अशांची एक यादीच दिली आहे. गाडींत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. शिवाय राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर राजानें बाजूस व्हावें, असेंहि लगेच पुढें सांगितलें आहे. त्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी आज प्रमाण मानाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ही यादी मनन करण्यासारखी आहे. तींत गाडी पहिली आहे, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. बैल जुंपलेली गाडी चिखलांतून कडेला घेणें कठीण, आणि पायीं चालणाऱ्यास दोन पावलें सरणें सोपें, हें त्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें. ज्यास वळणें अधिक अवघड, त्यास वाट अगोदर. हें सूत्र धरलें तर वृद्ध, रोगी आणि ओझें वाहणारा हे लगोलग त्या यादींत कां आले, याचाहि उलगडा होतो. आजच्या वाहनास थांबावयास चालकाचें नुसतें बोट किंवा पाऊल हलावें लागतें. काकूंस मागें फिरावयास एकुणऐंशी वर्षांचे गुडघे हलवावे लागतात. तेव्हां त्याच सूत्रानें आज यादींत पहिलें नांव कोणाचें असावें, हें वाचकांनींच ठरवावें.

त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत गाडीखालीं कोणी सांपडल्यास दंड कोणास, याचाहि विचार केला आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, लगाम तुटला अशा प्रसंगीं, किंवा हांकणाऱ्यानें 'बाजूला हो' म्हणून ओरडून सांगितलें असल्यास दंड नाहीं. स्कूटरवरच्या त्या मुलानें मनुस्मृति उघडूनहि पाहिली नसेल, पण नकळत त्यानें ह्या शेवटच्या सवलतीचाच आश्रय घेतला. मात्र ही सवलत कोणत्या मंडळींत बसली आहे तें पाहावें. तिच्या शेजारीं आहेत ते सारे गाडी हाताबाहेर गेल्याचे प्रसंग. जी थांबवितां येत नाहीं तिच्यासाठीं ओरडणें क्षम्य. जी थांबवितां येते ती न थांबवितां नुसतें ओरडणें, ही निराळीच गोष्ट झाली. आणखी पुढें तर असें सांगितलें आहे कीं, हांकणारा अकुशल असेल तर मालकास दंड, आणि अशा अकुशल माणसाच्या गाडींत बसणाऱ्या प्रत्येकासहि दंड. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याकडे आम्हांस लवकरच परत यावयाचें आहे.

पाश्चात्य देशांतहि हा झगडा मोटारीच्या अगोदरपासूनचा आहे. रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनमध्यें पार्लमेंटपाशीं डिसेंबर १८६८ मध्यें उभा राहिला, तो घोडागाड्यांच्या गर्दींतून पायीं जाणाऱ्यांस वाट मिळावी म्हणून. त्यांत गॅसचे दिवे होते. महिनाभरांत, जानेवारी १८६९ मध्यें, स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला, आणि ती कल्पना बरींच वर्षें मागें पडली. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची स्त्री लंडनमध्यें क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्यानें मेलेली ब्रिटनमधील पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. 'असा प्रकार पुन्हां न घडो' अशी आशा चौकशीच्या वेळीं व्यक्त झाली, असें सांगतात. पुढें १९३४ मध्यें वाहतूकमंत्री हॉर बेलिशा यांनीं रस्ता ओलांडण्याच्या जागीं काळ्यापांढऱ्या खांबांवर पिवळे गोल बसविले, आणि १९५१ मध्यें तेथील कायद्यानें पांढऱ्या पट्ट्यांस मान्यता दिली. आपल्या कोपऱ्यावरचे पट्टे त्यांचेच वंशज.

परंतु नुसत्या पट्ट्यांनीं काम होत नाहीं. डोळ्यांची संवय फार बलवत्तर असते. विन्स्टन चर्चिल डिसेंबर १९३१ मध्यें न्यूयॉर्कला गेले असतां रस्ता ओलांडतांना त्यांनीं इंग्लंडच्या संवयीनें नको त्या बाजूस पाहिलें, आणि मोटारीच्या धक्क्यानें ते चांगलेच जखमी झाले. त्यांनीं चूक आपल्याच माथीं घेतली. आपल्याकडे तर ज्या बाजूनें कोणी येणें नाहीं असा नियम आहे, नेमका त्याच बाजूनें एखादा दुचाकीस्वार येत असतो. म्हणून एकेरी रस्त्यावरहि दोन्ही बाजू पाहिल्यावांचून पाऊल उचलूं नये.

देशोदेशीं रस्ता ओलांडण्याच्या चालीहि निरनिराळ्या आहेत. जपानांत शाळकरी मुलें पिवळ्या टोप्या घालतात आणि हात सरळ वर करून पट्टे ओलांडतात. व्हिएतनाममधील हॅनॉय शहरांत स्कूटरींच्या प्रवाहांत माणूस संथपणें, न थांबतां व न धांवतां चालतो, आणि प्रवाह त्याला वळसा घालून जातो. तेथें मध्येंच दचकून थबकणें हाच धोका. बर्लिनमध्यें रस्ता अगदीं मोकळा असतांहि लाल दिव्यापुढें उभीं राहणारीं माणसें दिसतात, विशेषतः शेजारीं मूल उभें असेल तर, कारण मूल आपलें पाहून शिकतें. मुंबईंत २०२० मध्यें दादर भागांतील सिग्नलांवर चालत्या पुरुषाच्या जागीं स्त्रीचें चित्र लावण्यांत आलें. हें ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "चित्र बाईचें लावलें तें बरें केलें, वेळहि बाईला पुरेल इतका ठेवा म्हणावें." आपली स्वतःची चाल म्हणजे तळहात वर करणें. तींत विनंती आहे, आणि समोरचा माणूस माणसासारखा वागेल हा विश्वासहि आहे. म्हणूनच ती मोडते तेव्हां हाडापेक्षां अधिक कांहीं मोडतें.

आतां थोडे आंकडे. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत पायीं चालणारीं होतीं ३२,८२५. म्हणजे दर पांचांत जवळजवळ एक, आणि रोजचीं सुमारें नव्वद. ह्यांतील बहुतेकांनीं कोणतें साहस केलें असेल? कोणी दूध आणावयास, कोणी बस गांठावयास, कोणी काकूंसारखे देवास निघाले असतील. वाहनाचा वेग ताशीं ४० किलोमीटर असेल तर संकट दिसल्यापासून तें उभें राहीपर्यंत, कोरड्या रस्त्यावर व चालक सावध असतां, सुमारें २० मीटर जातात. वेग ६० झाला कीं तेंच अंतर ३६ मीटरांच्या आसपास जातें. वेग वाढला दीडपट, अंतर वाढलें जवळजवळ दुप्पट. रस्ता ओला असेल किंवा चालकाची नजर हातांतल्या मोबाईलवर असेल तर मग हिशेबच नको. ही गोष्ट मुलांस गणितांत येते, परीक्षेंत गुणहि मिळतात. हातांत स्कूटर आली कीं मात्र ती तेथें लागू पडते असें त्यांच्या मनांत येत नाहीं.

येथें आम्हांस आमच्या घरची ती दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगावयास लेखणी कांकूं करीत आहे. त्या रात्रींच्या सभेंत स्कूटरवरच्या त्या मुलाचा सर्वांनीं यथेच्छ उद्धार केला. एकच व्यक्ति गप्प होती, आमचा पुतण्या. वय सोळा. त्यालाच काकू म्हणाल्या, "अरे, तूंहि तसाच जातोस ना क्लासला? तूं कोणाच्या आजीला हॉर्न देतोस?" सभा एकदम थंड झाली. कारण स्कूटर आमच्या नांवावरची, तिची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर, आणि 'सकाळचा क्लास लांब पडतो, बस वेळेवर येत नाहीं, जाऊं दे त्याला जपून' असें म्हणून ती त्याच्या हातांत दिली होती ती आम्हींच.

कायदा आम्हांस ठाऊक नव्हता असें नाहीं. सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो तो गिअर नसलेल्या, ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीचा, आणि तोहि पालकाच्या संमतीनें. आमची स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १९९-अ हें कलम आलें. अल्पवयीन मुलानें वाहन चालवितांना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना नाहीं. अकुशलाच्या हातीं गाडी देणाऱ्या मालकास दंड! आठव्या अध्यायांतील तें वाक्य आतां वाचकांस आठवलें असेल. ज्या तऱ्हेच्या मुलानें आमच्या काकूंचें हाड मोडलें, तसाच एक मुलगा आम्हीं रोज सकाळीं साडेसहास दुसऱ्या कोणाच्या काकूंच्या रस्त्यावर सोडीत होतों. संकट दारांतून बाहेर जात होतें, तोंपर्यंत तें आम्हांस दिसलें नाहीं.

किल्ली खुंटीवरून निघाली. तें सुखासुखीं झालें असें मात्र कोणीं समजूं नये. मुलगा आठ दिवस आमच्याशीं बोलला नाहीं. त्याचे सारे मित्र स्कूटरवर येतात, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. भावजयी म्हणाल्या, "तुमच्या तत्त्वापायीं त्याचा पहिला तास बुडतो," आणि तेंहि खोटें नव्हतें. अखेर बंधूंनीं कचेरीस अर्धा तास लवकर निघून त्याला सोडावयाचें, आणि येतांना त्यानें बसनें यावें, असें ठरलें. बस अजूनहि वेळेवर येत नाहीं. दिव्याची वेळ वाढवावी आणि मध्यभागीं कट्टा बांधावा, असा अर्ज आम्हीं रुंदीच्या व सेकंदांच्या आंकड्यांसह दिला आहे. त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तोंपर्यंत काकूंबरोबर घरांतील कोणीतरी जातें. आठवड्यांतून दोन दिवस तो मुलगाच जातो. प्रथम नाइलाजानें जाई. आतां कसा जातो तें आम्हीं विचारलें नाहीं.

ह्या निमित्तानें घरांत ज्या चार गोष्टी ठरल्या त्या वाचकांपुढें ठेवितों. पहिली वृद्धांसाठीं. आपण कोपऱ्यावर पोंचलों तेव्हां हिरवा दिवा लागलेला दिसला, तर तो सोडून द्यावा. तो किती शिल्लक आहे हें आपणांस कळत नाहीं. पुढचा हिरवा लागतांच उतरावें, म्हणजे पुरा वेळ हातीं येतो. पहांटे व तिन्हीसांजा फिकट रंगाची शाल असावी. गर्द रंगाचें लुगडें चालकास फार उशिरां दिसतें. दुसरी गोष्ट मुलांसाठीं. नऊदहा वर्षांच्या आंतील मुलास येणाऱ्या वाहनाचा वेग नीट अजमावितां येत नाहीं. तेव्हां त्यास शहाणें समजून एकटें सोडूं नये, बोट न धरतां मनगट धरावें, आणि आपण वाहनांच्या बाजूस राहावें. थांबलेल्या बसच्या पुढून ओलांडणें तर सर्वांनींच वर्ज्य करावें. तिसरी गोष्ट, जेथें पदपथ नाहीं तेथें उजव्या कडेनें, समोरून येणारीं वाहनें पाहात चालावें.

चौथी गोष्ट पडलेल्यास उचलण्याची. बार्सिलोनाचा थोर स्थापत्यकार गाउदी जून १९२६ मध्यें रस्ता ओलांडतांना ट्रामखालीं सांपडला. त्याचे जुने कपडे पाहून लोकांनीं त्यास भिकारी समजून मदतीस विलंब लावला, आणि तीन दिवसांनीं तो वारला. आपल्याकडे कपड्यांपेक्षां पोलिसांच्या चौकशीची भीति हात मागें घेववीत असे. आतां तसें कारण उरलेलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ मध्यें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यानेंहि, जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. स्वतःचें नांव सांगण्याचीहि सक्ति त्याच्यावर नाहीं. ही माहिती त्या फुलवालीस असण्याचें कारण नव्हतें, आणि तिनें ती येईपर्यंत वाट पाहिली नाहीं.

काकूंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुरें सांपडलें असें नव्हे. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुण्याच्या महानगरपालिकेनें लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग एक दिवस वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन पाळला होता. काकू तेव्हां कांहींहि खरेदी न करतां नुसत्या रस्त्याच्या मधोमध चालून आल्या, आणि घरीं येऊन म्हणाल्या, "दुकानांचे वरचे मजले कित्येक वर्षांत पाहिले नव्हते." असा दिवस रोज येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु वृद्धांस घरांत कोंडून रस्ता सुरक्षित करणें, हा कांहीं तोडगा नव्हे. आमच्या हातीं जेवढें होतें तेवढें आमच्या खुंटीवर टांगलेलें होतें. वाचकांनींहि आज रात्रीं दारें लावतांना आपल्या घरच्या खुंटीकडे एकदां नजर टाकावी, आणि सकाळीं ती किल्ली कोणाच्या हातांत जाते, तें मनाशीं विचारून पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.